सहाव्या चौकटीनंतर

४ मार्च

दादा,

तुझ्या वकिलांचं पत्र मिळालं. दोन पानं, खाली लफ्फेदार सही आणि वर माझं पूर्ण नाव, जे आपल्या घरात कुणी कधी घेतलं नाही. क्षणभर वाटलं, शेजारच्यांचं टपाल चुकून माझ्या दारात पडलं. मग 'आजी' हा शब्द दिसला आणि पटलं की माझंच आहे.

पत्रात म्हटलंय की आजी हे पात्र, म्हणजे गोल चष्मा, सैल अंबाडा आणि हसताना किंचित डावीकडे झुकणारी मान, ही स्टुडिओची मालमत्ता आहे. येत्या नऊ एप्रिलच्या सुनावणीत मी ती कोणत्याही स्वरूपात वापरू नये. वापरल्यास पुढील कारवाई. मान डावीकडे का झुकते ते वकिलांना सांगितलंस का रे? आईला उजव्या कानाने कमी ऐकू येतं म्हणून. तो कानही स्टुडिओच्या मालकीचा झाला असेल तर तसं कळव, डॉक्टरांच्या कागदांवर तुझं नाव घालून घेते.

तर उत्तर असं: नाही. मी जाणार आहे आणि बोलणारही आहे. तू माझा नंबर बंद करून ठेवलायस, म्हणून हे कागदावर. कागद फाडता येतो, पण फाडण्याआधी माणूस एकदा वाचतोच, आणि तू तर वाचतोसच, मला माहीत आहे.

मुद्दा सरळ लिहिते, म्हणजे वकिलांनाही समजेल. या शहरात एकट्या राहणाऱ्या चारशे बारा म्हाताऱ्या माणसांकडे आठवड्यातून दोनदा सिस्टर जाते. मंगळवारी आणि शुक्रवारी आईकडे येते, ती त्यातलीच एक. आता आरोग्य समितीपुढे प्रस्ताव आलाय की या फेऱ्या बंद कराव्यात आणि प्रत्येक घरात भिंतीवर ती मदत बोलावणारी डबी बसवावी. सोबत पुरावा म्हणून काय जोडलंय? अर्धं पान आकडे, आणि आपली चित्रकथा. सहा चौकटी, रंगीत. आकडे कुणी वाचले असतील असं मला वाटत नाही, चौकटी मात्र नऊच्या नऊ सदस्यांनी पाहिल्यात. गोष्ट मी लिहिली, चित्रं तू काढलीस. ती मोडायलाही आपल्यापैकीच कुणीतरी हवं, आणि तू मोडणार नाहीस हे तुझ्या वकिलांनी कळवलंच आहे.

आई बरी आहे. तू विचारलं नाहीस, तरी सांगते. ती पडायच्या आधीही मी दर रविवारी जातच होते, आता रोज जाते.

धाकटी


१२ मार्च

दादा,

उत्तर आलं नाही. ठीक आहे, मला लिहायला उत्तर लागत नाही. सात महिने घरी बसून आहे, हाताला काम नाही, जिभेला हाड आधीपासूनच नाही.

काल आईच्या जेवणाच्या टेबलाशी बसले होते. स्टुडिओ तिथेच सुरू झाला होता, आठवतं? तुझे रंग, माझ्या वह्या, आणि आई मधल्या फटीत ताटं मांडायची. पुढच्या काळाच्या गोष्टी सांगणारे म्हणून आपलं नाव झालं ते त्या टेबलावर. कुणाला नवं बसस्थानक बांधायचं असो, नवा दिवा विकायचा असो, नवी शाळा काढायची असो, लोक यायचे आणि म्हणायचे, वीस वर्षांनी हे कसं दिसेल ते दाखवा. आपण दाखवायचो. रीत तू घालून दिली होतीस: शेवटची चौकट आधी. आधी संध्याकाळचं हसरं तोंड काढायचं आणि तिथून उलटं चालत यायचं. सहावीत हसू, म्हणून पाचवीत आराम, म्हणून चौथीत वस्तूचा वापर, तिसरीत वस्तू घरात आली, दुसरीत अडचण, पहिलीत सकाळ.

मला ती रीत तेव्हा फार हुशारीची वाटायची. गोष्ट कधी भरकटत नसे. अडलं की तू म्हणायचास, "हे सहावीकडे जातं का? नाही? मग काढून टाक." आणि आपण काढून टाकायचो. बसस्थानकाच्या गोष्टीतून तिकीट देणारा गेला. शाळेच्या गोष्टीतून मधली सुट्टी गेली. अडचणसुद्धा मोजून मापून घ्यायची, चार चौकटींत मिटेल एवढीच. चष्मा सापडत नाही, चालेल. दिसतच नाही, हे चालणार नाही. एक माणूस, एक अडचण, एक वस्तू, एक दिवस. त्या घरात दुसरं कुणी राहत नाही, वस्तू कधी बिघडत नाही आणि दुसरा दिवस उजाडतच नाही.

डबीच्या गोष्टीत तर कमालच झाली. ती बनवणाऱ्या कंपनीने आपल्याला सांगितलं, पडलं-झडलं तर मदत बोलावणारी वस्तू आहे. मी लिहिलं, 'पडलं-झडलं'. तू खोडलंस. पडलेली म्हातारी दुसऱ्या चौकटीत दाखवली तर सहावीत हसू कसं येणार? मग अडचण काय घेतली? आजीला गोळीची वेळ लक्षात राहत नाही. पडल्यावर उपयोगी यायच्या डबीची गोष्ट, आणि तिच्यात कुणी पडतच नाही! आपण दोघांनी तेव्हा एकमेकांना शाबासकीही दिली होती. सगळा दोष तुझ्या डोक्यावर टाकायला मला आवडलं असतं. पण पाचव्या चौकटीखालचं वाक्य कुणाचं होतं ते आपल्या दोघांनाच माहीत आहे. 'आता सिस्टरची वाट पाहावी लागत नाही.' ते माझं. तू फक्त 'आजीला' हा शब्द पुढे जोडलास.

प्रस्तावात पहिल्याच पानावर ते वाक्य जाड अक्षरांत छापलंय. माझं इतकं मोठं छापलेलं दुसरं काही नाही.

धाकटी


२३ मार्च

दादा,

आज मनात होतं की तुला चार शब्द सुनवावेत, पण आधी माझा पाढा वाचते. पहिल्या पत्रात मी लिहिलं की दर रविवारी जात होते. खोटं आहे ते. आई पडली तेव्हा मी पाच आठवडे तिच्याकडे फिरकले नव्हते.

कारण डबी होती ना. कंपनीने चाचणीसाठी पहिली डबी आईच्या घरी बसवली, आपण दोघं किती मिरवलो होतो. माझ्या फोनवर रोज सकाळी हिरवी खूण यायची: आई ठीक. ती खूण बघितली की मला भेटून आल्यासारखं वाटायचं. जुलैतल्या त्या मंगळवारी मी ती तीनदा बघितली, आठ वाजता, नऊला आणि साडेनऊला. तिन्ही वेळा हिरवी होती. आणि आई आठच्या आधीपासून स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेली होती.

तुला मी फोनवर एवढंच सांगितलं होतं, "घसरली, थोडं लागलंय." ते थोडं म्हणजे दोन तास चाळीस मिनिटं. डबीला घरात हालचाल दिसली की ती ठीक म्हणते, आणि बाहेरच्या खोलीत पंख्याने पडदा हलत होता. पडदा ठीक होता. डबी हाकही ऐकते, पण तिला तिच्या नावाने हाक मारावी लागते. पडलेलं माणूस भिंतीवरच्या डबीचं नाव घेत नाही, दादा. आई आपली नावं घेत होती. आधी तुझं, मग माझं, मग परत तुझं. ती नावं डबीला कुणी शिकवली नव्हती.

उरलं डबीवरचं बटण. ते सव्वाचार फुटांवर होतं. मी पट्टीने मोजलंय. सव्वाचार फूटच का, ते मला त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या आठवलं. सहावी चौकट काढताना तू बटण खाली काढलं होतंस, खाटेच्या उंचीवर. मी म्हटलं, "वर घे ना. हात आणि हसू एका चौकटीत आले पाहिजेत." तू वर घेतलंस, खांद्याच्या रेषेत, आणि चित्र खरंच सुंदर झालं. मग कंपनीचा तो उंच इंजिनियर आला आणि तुझ्या चित्रावर पट्टी ठेवून, आजीच्या उंचीशी ताडून त्याने माप घेतलं. आपण बघत होतो. आपल्याला वाटलं, वा, काय बारकाईने काम करतात ही माणसं. चित्रात हात चांगला दिसावा म्हणून वर सरकवलेलं बटण त्यांनी तसंच्या तसं भिंतीत ठोकलं, आणि मी तोंडातून ब्र काढला नाही. आईच्या घरी बसवलं तेव्हाही नाही. ते अगदी चित्रातल्यासारखं दिसत होतं, त्यातच मी खूश होते.

साडेदहाला सिस्टर आली म्हणून आई आज आहे. मंगळवार होता म्हणून आली. बुधवार असता तर? मला पुढचं लिहवत नाही.

आता तुझी पाळी. ऑगस्टमध्ये कंपनीच्या तिघांसमोर मी सातवी चौकट लावली. माझ्या हातची, वेडीवाकडी: आजी जमिनीवर, बटण वर भिंतीवर. तू प्रोजेक्टर बंद केलास. पाहुण्यांसमोर, हसत हसत. "आमची धाकटी जरा हळवी झालीय," म्हणालास. बाहेर व्हरांड्यात मला म्हणालास, "घरचं दुखणं कामावर आणू नकोस." आणि दुसऱ्या दिवशी मी न दिलेला राजीनामा तू स्वीकारलास. घरचं दुखणं! आईचा चेहरा कामावर आणताना ते घरचं नव्हतं का? आपण तिची मान नेली, चष्मा नेला, हसू नेलं. फक्त ती पडली ते तेवढं घरी ठेवायचं होतं.

मला तुझी माफी नको आहे आणि मीही तुझी मागत नाही. आईची मागितली. ती म्हणाली, "बरं बरं, ते बटण तेवढं खाली घ्या."

धाकटी


२ एप्रिल

दादा,

तुझं एक पान मिळालं. टाइप केलेलं, पण निदान वकिलांचं नाही. तीनदा वाचलं.

तू लिहितोस, पुढच्या काळाची गोष्ट म्हणजे बातमी नव्हे. लोकांना एक पाऊल पुढे टाकायचं असेल तर समोर काहीतरी उजेड दिसावा लागतो, आणि तो दाखवणं हेच आपलं काम. बसस्थानकाची चौकट आपण काढली नसती तर ते बसस्थानक झालंच नसतं. जमिनीवर पडलेली म्हातारी दाखवून तू फक्त घाबरवशील, आणि घाबरलेली माणसं काहीच करत नाहीत.

हे सगळंच टाकाऊ नाही, मान्य आहे. बसस्थानक चांगलं झालंय, मी तिथूनच जाते-येते. पण तिकीट देणारा नसल्यामुळे आईसारखी माणसं तिथे यंत्रापुढे ताटकळत उभी असतात, आणि कुणाला विचारावं हेच त्यांना समजत नाही. तो आपल्या चौकटींत नव्हता, म्हणून तिथेही नाही. आपण काढून टाकलं की खरोखरच निघतं रे. हे तुला अजून समजलेलं नाही की समजूनही कानाडोळा करतोयस, तेवढं सांग.

मात्र एक गोष्ट तुझ्या पत्राने नाही, सिस्टरने माझ्या डोक्यात घातली. मी तिला सुनावणीसाठी तयार केलेली चित्रं दाखवली. सहाच चौकटी, पण उलट्या: पहिलीत हसू आणि सहावीत जमिनीवर आजी, एकटी, अंधार. मला वाटलं, ती डोळे पुसेल. ती काकडीचे काप करत होती, करतच राहिली.

"ताई, यात मी कुठे आहे?" तिने विचारलं.

"तुम्ही नाही आहात, म्हणूनच तर हे होतं," मी म्हटलं.

"म्हणजे मी पडलेल्या म्हाताऱ्या उचलायला येते होय? गेल्या चार वर्षांत काकू एकदाच पडल्या. बाकीच्या मंगळवारी मी काय करते, ते कधी विचारलंत तुम्ही?"

नव्हतं विचारलं. तुझ्यासारखीच मीही शेवटची चौकट आधी काढली होती, फक्त तोंड पाडून. तिकडे सगळं छान संपतं, माझ्याकडे सगळं वाईट संपतं, आणि दोन्हीकडे मधले मंगळवार केराच्या टोपलीत. रीत तुझीच, रंग तेवढा काळा. फार लाज वाटली मला. चित्रं तिथेच फाडली. आई म्हणाली, "पाठकोरी तरी ठेवायचीस."

मग मी सिस्टरसोबत दोन मंगळवार आणि एक शुक्रवार हिंडले. वही घेऊन, पण तोंड बंद ठेवून. तिच्याकडे एकतीस घरं आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिंप्याकडे ती गेल्या गेल्या फ्रिज उघडते. दूध गेल्या खेपेएवढंच असेल तर तो जेवलेला नाही. कोपऱ्यावरच्या मास्तरीणबाई दार उघडायला किती वेळ लावतात ते ती दाराबाहेर उभी राहून मनात मोजते, आणि गेल्या वेळेपेक्षा जास्त झाला तर पायांची सूज बघते. एका घरी ती नुसती भांडते, कारण त्या बाईंना आठवडाभर भांडायला कुणी मिळत नाही. आईकडे येते तेव्हा डाव्या बाजूला बसते. मला हे सुचायला किती वर्षं लागली असती कोण जाणे.

तर मी सुनावणीत चित्र एकही दाखवणार नाही. आजी वापरणार नाही. तुझ्या वकिलांना कळव, आनंद होईल. मी एक मंगळवार वाचून दाखवणार आहे, साडेदहा ते साडेपाच.

तू आईला परवा फोन केलास तेही समजलं. "तिला आवर," म्हणालास म्हणे. आईने मला शब्दन् शब्द सांगितला. "मी म्हटलं, ती माझ्या पोटात होती तेव्हाही आवरत नव्हती. आणि तू जाणार असशील तर मीही येते. दोघं माझ्याबद्दल बोलणार आणि मी घरी बसून काय करू?"

मी नको म्हटलं. तिने कान पुढे केला, उजवा.

धाकटी


११ एप्रिल

दादा,

परवा तू मधूनच निघून गेलास. दार आपटलंस ते सगळ्यांनी ऐकलं. त्यामुळे पुढे काय झालं ते तुला कंपनीकडून समजलं असेल, पण ते कसं सांगतील ते मला माहीत आहे, म्हणून लिहिते.

आधी तुझं बोलणं झालं. छान बोललास. सहावी चौकट पडद्यावर आली तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी 'किती गोड' म्हणालं, आणि आई पुटपुटली, "चष्मा मात्र याने चांगला काढलाय." मग मी रिकामी डबी चिकटपट्टीने भिंतीला लावली, सव्वाचार फुटांवर, आणि मंगळवार वाचला. अकरा मिनिटं लागली. दोन सदस्य फोन बघत होते. वाचून संपलं तेव्हा अध्यक्षबाई म्हणाल्या, "हे सगळं ठीक आहे. पण ही तर सिस्टरांची रोजची कामं झाली. आम्ही इथे पुढच्या वीस वर्षांचा विचार करतोय. यात भविष्य कुठे आहे?"

मी म्हटलं, "पुढच्या मंगळवारी आहे, बाई. आणि त्याच्या पुढच्या."

कुणाला काही पटल्यासारखं दिसलं नाही. मी हरले असंच मला वाटलं. तेवढ्यात आई उठली. शपथेवर सांगते, आमचं काही ठरलेलं नव्हतं. तू नंतर तुझ्या माणसांना नाटक म्हणालास म्हणे. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई मुलीच्या सांगण्यावरून जमिनीवर झोपते असं तुला वाटत असेल तर तू तिला ओळखतच नाहीस. ती भिंतीला धरत धरत डबीखाली गेली, बसली, मग कुशीवर झाली आणि शेवटी पाठीवर.

"हं," ती म्हणाली, "आता मी पडलेय. ते बटण कुणीतरी मला द्या."

तो टक्कल असलेला सदस्य म्हणाला, "आजी, उठा हो, आमच्या लक्षात आलं."

"तुमच्या आलं, पण मी उठू कशी? पहिल्या चित्रात मी उभी, सहाव्यात पण उभी. मधलं यांनी दाखवलंच नाही."

मग तू धावलास. ते मी विसरणार नाही, चांगल्या अर्थाने म्हणतेय. हातातले कागद टाकून धावलास, काखेत हात घालून तिला ओढायला लागलास आणि ती ओरडली, "अरे, खांदा!" तू तसाच थिजलास. उचलायचं कसं, हे तुला येत नव्हतं. मलाही येत नाही. सिस्टर पुढे आली, तुला म्हणाली, "बाजूला व्हा." तेव्हा तू बाहेर गेलास.

तू थांबायला हवं होतंस. पुढची चार मिनिटं त्या खोलीत कुणी फोनकडे बघितलं नाही. सिस्टर आधी तिच्याशेजारी खाली बसली. घाई नाही. कुठे दुखतंय विचारलं. आईला कुशीवर वळवलं, मग कोपरावर, मग गुडघ्यांवर. अध्यक्षबाईंची खुर्ची मागून घेतली, खुद्द त्यांच्याखालची, आणि आईचे दोन्ही हात तिच्यावर ठेवायला लावले. मध्ये आई थांबली, "जरा दम घेते," म्हणाली, तर सिस्टरही थांबली. अध्यक्षबाईंसकट नऊच्या नऊ सदस्य उभे राहून बघत होते. शेवटी आई खुर्चीवर बसली, चष्मा सरळ केला, आणि हसली बिसली काही नाही. "पाणी," म्हणाली.

मी आयुष्यभर गोष्टी रचल्या, पण अशी मधली चार मिनिटं एकदाही लिहिली नाहीत. लिहिली असती तर तू खोडली असतीस, आणि मीही खोडू दिली असती.

आता निकाल. पाच विरुद्ध चार. डबी प्रत्येक घरात बसणार. बटणाला जमिनीपर्यंत लोंबणारी दोरी लावायची आणि यापुढची चाचणी जमिनीवर आडवं होऊन घ्यायची. इंजिनियर मान खाली घालून लिहून घेत होता, मला त्याची दयाच आली. सिस्टरांची मंगळवारची फेरी राहणार. शुक्रवारची बंद. एका फेरीत भागतंय का ते वर्षभर बघू, असं ठरलं.

लोक मला 'अभिनंदन' म्हणाले. मी म्हटलं, कशाचं? बुधवार ते सोमवार म्हाताऱ्यांनी पडायचं नाही, असं कुणी त्यांना कळवलंय का? सिस्टर पायऱ्या उतरताना एवढंच बोलली, "शिंपीकाका जेवलेले नसतात ते शुक्रवारी, ताई. मंगळवारी जेवलेले असतात." मग ती बसमध्ये चढली.

मी फेरसुनावणीचा अर्ज काल दिलाय. नाही म्हणाले तर पुन्हा देईन. मला आता कुणी काम देत नाही, तेव्हा वेळ भरपूर आहे, आणि त्यांना माझा कंटाळा येईपर्यंत मी येत राहणार. दरम्यान, सिस्टरांनी मिळून एक यादी केली आहे. चारशे बारा माणसांपैकी कुणाची मुलं याच शहरात राहतात, त्यांची यादी. दोनशे सात निघाली! त्या सगळ्यांना मी पत्रं पाठवतेय, हाताने लिहून. बहुतेक जण रागावतील, रागावू देत. तुझा नंबर यादीत एकोणचाळिसावा आहे. हे ते पत्र समज.

पहिला आणि तिसरा शुक्रवार माझा. दुसरा आणि चौथा तुझा. सकाळी अकराला जायचं आणि निदान दीडपर्यंत बसायचं, हिरवी खूण बघून परत फिरायचं नाही. तिच्या पायांची नखं काढायची असतात, तिला वाकता येत नाही. ती नको म्हणेल, तरी काढायची. तिला कसं उठवायचं ते सिस्टर शिकवेल, मी परवा शिकले, अवघड नाही, फक्त घाई करायची नाही. ही विनंती नाही, दादा. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, आपले वार वेगवेगळे आहेत.

महिन्यात पाचवा शुक्रवार आला तर त्याचं भांडण तेव्हा करू.

धाकटी